थायमसची आजूबाजूला घुसलेली गाठ: पहिल्या सीटी स्कॅनपासून ऑपरेशननंतरच्या दहा वर्षांपर्यंत

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या अगदी पुढ्यात थायमस नावाची ग्रंथी असते. मराठी पुस्तकांत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, आणि ते नाव नेमकं आहे. लहानपणी ती मोठी असते, शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी तिच्यात तयार होतात. वयात आल्यावर ती आटत जाते आणि तिच्या जागी बहुतेक चरबी उरते. त्या उरलेल्या भागातून पुढे कधीतरी, बहुतेकदा चाळिशीनंतर, गाठ वाढू शकते. तिला थायमोमा म्हणतात. दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाददुसऱ्यालाच हा आजार होतो, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिलेला नसण्याची शक्यता खूप आहे.

मी छातीची ऑपरेशनं करणारा सर्जन आहे. ‘अँटिरियर मेडियास्टायनल मास’ (दोन फुप्फुसांमधल्या जागेच्या पुढच्या भागातली गाठ) असा रिपोर्ट हातात घेऊन जी माणसं ओपीडीत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पहिल्या भेटीत मी एक गोष्ट सगळ्यांना सांगतो, ती इथेही आधीच सांगतो. गाठ पहिल्याच ऑपरेशनमध्ये, न फुटता, ज्याला चिकटली असेल त्याच्या तुकड्यासकट पूर्ण निघाली का, यावर या आजारात सगळ्यात जास्त अवलंबून असतं. औषधं आणि किरणं मदतीला येतात, पण अर्धवट राहिलेलं ऑपरेशन ती भरून काढू शकत नाहीत. म्हणून पहिलं ऑपरेशन नीट व्हावं यासाठी दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. थायमोमा सहसा हळू वाढतो, तेवढा वेळ तो देतो. श्वास कोंडत असेल किंवा चेहरा सुजत असेल तर मात्र थांबू नका.

‘घुसलेली’ म्हणजे कुठवर?

१९८१ साली अकिरा मासाओका या जपानी सर्जनने थायमोमाच्या चार पायऱ्या मांडल्या. नंतर त्यांत थोडी दुरुस्ती झाली, पण ओपीडीतली भाषा आजही बऱ्याच अंशी तीच आहे. पहिल्या पायरीत गाठ आपल्या आवरणाच्या आत असते. दुसरीत ती आवरण ओलांडून भोवतालच्या चरबीत शिरते. तिसरीत शेजारच्या अवयवात घुसते: हृदयावरचं आवरण, फुप्फुस, मोठ्या शिरा, क्वचित महाधमनी. चौथीचे दोन भाग आहेत. ‘अ’मध्ये फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणावर गाठीचे वेगळे दाणे पडलेले असतात, ‘ब’मध्ये आजार लसिका ग्रंथींत किंवा रक्तावाटे दूर गेलेला असतो. आता यासाठी टीएनएम (मूळ गाठ, लसिका ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांवरून पायरी ठरवणारी) पद्धतही वापरतात, तेव्हा रिपोर्टवर दोन्ही दिसली तर गोंधळू नका.

याशिवाय पॅथॉलॉजिस्ट ए, एबी, बी१, बी२, बी३ अशी अक्षरं देतात. ती पेशींच्या रूपावरून ठरतात. साधारणपणे बी२, बी३कडे जाताना गाठ घुसण्याची शक्यता वाढते. थायमिक कार्सिनोमा हा यापेक्षा आक्रमक, वेगळा प्रकार आहे आणि त्याचं नियोजन वेगळं होतं. ‘गाठ साधी आहे, कॅन्सर नाही’ असं कुणी म्हटलं तरी पाठपुरावा सोडू नका. प्रत्येक थायमोमा पसरू शकतो असं धरूनच चालायचं असतं.

सगळ्यात आधी: पापणी पडते का?

मला रुग्णाच्या घरच्यांना सीटीपेक्षाही आधी हे विचारायचं असतं. संध्याकाळी पापणी खाली येते का? एकाचे दोन दिसतात का? भाकरी चावताना जबडा थकतो का? पाणी पिताना ठसका लागतो किंवा पाणी नाकातून येतं का? केस विंचरताना हात आपोआप खाली येतो का? बोलता बोलता आवाज गेंगाणा होतो का? हे सकाळी कमी आणि दिवस चढेल तसं वाढत असेल, तर मायस्थेनिया ग्रेव्हिसची शंका घ्यायची. शरीरच स्नायू आणि मज्जातंतू यांच्या जोडावर हल्ला करतं आणि स्नायू लवकर दमतात. थायमोमाच्या साधारण तीनातल्या एका रुग्णाला हा आजार असतो.

हे नातं कळायला ऑपरेशन थिएटरच कारणीभूत ठरलं. १९३६ साली अमेरिकेत आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी मायस्थेनियाने खचलेल्या एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली आणि तिची ताकद हळूहळू परत आली. पुढे जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या बाळांच्या ऑपरेशनसाठी जगभर गाजलेले ब्लेलॉक ते हेच.

लक्षणं नसली तरी ऑपरेशनआधी रक्तातली ‘अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी’ तपासून घ्या. ती राहून गेली आणि मायस्थेनिया लपलेला असला, तर भूल उतरल्यावर रुग्णाला स्वतःचा श्वास घेता येत नाही आणि व्हेंटिलेटर सुटत नाही. त्या रात्री आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना हे समजावणं फार जड जातं, आणि ते सहज टळू शकलं असतं हे मनात सलत राहतं. याच रक्तात हिमोग्लोबिन आणि इम्युनोग्लोब्युलिनही पाहतात, कारण काही रुग्णांत थायमोमाबरोबर लाल पेशी बनणं थांबतं किंवा प्रतिकारशक्ती घटते.

तपासण्या, आणि सुई घालायची की नाही

कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध, देऊन केलेला छातीचा सीटी हा पाया आहे. साधा सीटी पुरत नाही, कारण शिरा आणि गाठ यांच्यामध्ये चरबीची रेघ उरली आहे का हे त्यात कळत नाही. सीटी करताना पोटाचा वरचा भागही घ्यायला सांगा. श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या) मागच्या खोलगट भागात पडलेले दाणे तिथेच सापडतात. शंका राहिली तर एमआरआय. थायमिक कार्सिनोमा वाटला किंवा आजार दूर गेल्याचा संशय असला तर पेट स्कॅन.

पुरुष तरुण असेल तर एएफपी आणि बीटा एचसीजी या दोन रक्ततपासण्या चुकवू नका. याच जागी जर्म सेलची (बीजपेशींपासून वाढणारी) गाठ होते आणि तिचा उपचार केमोने सुरू होतो. ताप, घाम, घटणारं वजन, मानेत गाठी असतील तर लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, विचार करावा लागतो. आपल्याकडे आणखी एक वाट आहे: छातीत गाठ दिसली की टीबीची औषधं सुरू होतात. टीबीच्या ग्रंथी छातीत होतात हे खरंच आहे. पण तुकडा न तपासता सुरू केलेल्या औषधांनी दोन महिन्यांत गाठ जराही घटली नसेल, तर निदानाचा फेरविचार व्हायलाच हवा.

आता सुई. गाठ मर्यादित, एकसंध, थायमोमासारखी आणि सरळ निघण्याजोगी दिसत असेल, तर बायॉप्सी न करता थेट ऑपरेशन करतात. आवरणाला भोक पाडण्याचं कारण नसतं. पण गाठ मोठी, घुसलेली, आधी केमो लागेल अशी असेल, किंवा लिम्फोमाची शंका असेल, तर तुकडा हवाच. तेव्हा तो जाड सुईने घ्यावा, कारण बारीक सुईतल्या सुट्या पेशींवरून इथे पक्कं निदान अवघड असतं. सुईचा मार्ग छातीच्या हाडालगतचा असावा, फुप्फुसाभोवतीची पोकळी ओलांडणारा नको. पेशी त्या पोकळीत सांडल्या तर वर्षांनंतर तिथेच उगवतात. ‘दुर्बिणीने आत जाऊन फक्त एक तुकडा घेऊ’ असा प्रस्ताव आला तर पेशी त्या पोकळीत सांडणार नाहीत ना, हे विचारा.

कुणाकडे जायचं, पैसे कुठून

घुसलेल्या थायमोमाचं ऑपरेशन जिथे छातीचे सर्जन, हृदयाची टीम, न्यूरोलॉजिस्ट, सवयीचा भूलतज्ज्ञ आणि रेडिएशन एका छताखाली आहेत तिथेच करावं. सर्जनला मोकळेपणाने विचारा: वर्षाला अशा किती गाठी काढता? शिरेचा भाग काढावा लागला तर जोडणारं कोण असेल? केस ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, ठेवली आहे का? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात एकदा मत घेऊन ऑपरेशन घराजवळ करायलाही हरकत नाही, फक्त स्कॅनच्या सीडी सोबत न्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या ऑपरेशनचं पॅकेज त्या रुग्णालयात बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. गोव्यातल्या रुग्णांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करावी.

आधी केमो कधी

गाठ मोठ्या शिरेला वेढून बसली असेल किंवा पूर्ण निघेल याची खात्री नसेल, तर आधी केमो देऊन ती लहान करतात. सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही थायमोमासाठीची जुनी, वापरून पाहिलेली जोडणी. तीन-तीन आठवड्यांनी दोन ते चार फेऱ्या, मग पुन्हा सीटी. गाठ अर्ध्यावर आली तरी मूळ जागी जे जे चिकटलं होतं ते काढायची तयारी ठेवावीच लागते. आटलेल्या भागात जिवंत पेशी असू शकतात. म्हणून केमोआधीचा सीटी जपून ठेवा. थिएटरमध्ये मी दोन्ही सीटी शेजारी शेजारी लावतो.

ऑपरेशनआधीचे आठवडे

मायस्थेनिया असेल तर तो आटोक्यात आल्याशिवाय टेबलावर जायचं नाही. गिळणं, श्वास यांवर परिणाम असेल तर आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रवभाग) बदलण्याचे सत्र देऊन ताकद वाढवतात आणि ती टिकून आहे त्या दिवसांत ऑपरेशन उरकतात. मायस्थेनियासाठीच्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीचा ऑपरेशनच्या सकाळचा डोस भूलतज्ज्ञ ठरवतात. स्टिरॉइड स्वतःहून कधीही बंद करू नका.

फुप्फुसांची क्षमता, इको, आणि श्वासपटल दोन्ही बाजूंना हलतं का, हे पाहून घेतात. एक बाजू आधीच वर चढलेली असेल तर त्या बाजूची फ्रेनिक नस (श्वासपटल हलवणारी नस) गाठीत अडकली आहे असं समजायचं. तंबाखू, मिश्री, विडी आजच बंद. स्पायरोमीटरच्या तीन गोळ्या उचलण्याचा सराव आधीच सुरू करा. ऑपरेशननंतर दुखत्या छातीने तो शिकणं कठीण जातं.

आणि ही एक गोष्ट लहान वाटली तरी भूलतज्ज्ञाला जरूर सांगा: रुग्ण सपाट झोपू शकतो का? दोन उशांशिवाय धाप लागत असेल, तर भूल देताच गाठीच्या वजनाने श्वासनलिका दाबली जाऊ शकते. हे माहीत असेल तर भूल देण्याची सगळी पद्धतच बदलते.

टेबलावर काय होतं

घुसलेल्या गाठीसाठी छातीचं मधलं हाड उभं कापून उघडतात. गाठ एका बाजूला खोल गेली असेल तर चीर बरगड्यांमधून बाजूला वाढवतात. रोबोट किंवा दुर्बिणीने लहान, आवरणातल्या गाठी सुरेख निघतात, मीही काढतो. पण महाशिरेला (वरच्या शरीरातलं रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेला) चिकटलेल्या गाठीसाठी लहान चिरांचा हट्ट धरू नका. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच उघडं केलं, तर सर्जनने शहाणपणाचा निर्णय घेतला असंच समजा.

शिरा धराव्या लागणार असतील तर सलाइनच्या सुया पायातही लावतात, कारण हातातून दिलेलं औषध हृदयापर्यंत पोचेलच असं नसतं. उघडल्यावर पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजूंचं फुप्फुसावरण डोळ्यांनी पाहणं आणि हाताने चाचपणं. साबुदाण्याएवढे दाणे स्कॅनमध्ये सुटू शकतात. मग गाठीला हात न लावता सभोवताली फिरायचं. थायरॉइडच्या खालपासून श्वासपटलापर्यंत, एका फ्रेनिक नसेपासून दुसरीपर्यंत, पूर्ण थायमस आणि भोवतालची चरबी एकाच तुकड्यात सुटवायची. गाठ चिमट्यात धरून ओढायची नाही, हे मी शिकणाऱ्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो.

चिकटलेल्या अवयवाप्रमाणे निर्णय बदलत जातो. हृदयावरचं आवरण कापणं सोपं असतं, मोठं छिद्र राहिलं तर जाळी लावतात. फुप्फुसाचा चिकटलेला कोपरा स्टेपलरने निघतो, क्वचित पूर्ण खंड काढावा लागतो. डावी इनोमिनेट शीर (डावा हात आणि मानेकडचं रक्त महाशिरेत आणणारी) बांधून कापली तरी चालतं. डावा हात काही आठवडे सुजतो, मग रक्त दुसऱ्या वाटा शोधतं. उजवीकडची महाशीर, म्हणजे सुपीरियर व्हेना कॅव्हा, मात्र अशी सोडून देता येत नाही. थोडाच भाग गुंतला असेल तर तेवढा कापून शिवतात किंवा ठिगळ लावतात. जास्त असेल तर कडी असलेली कृत्रिम नळी बसवतात. शीर बंद ठेवलेली ती मिनिटं मोजून वापरायची असतात, कारण मेंदूचं रक्त त्याच वाटेने परत येतं. महाधमनीच्या भिंतीत घुसलेली गाठ हा सगळ्यात अवघड प्रसंग. क्वचित हार्ट-लंग मशीनची मदत घेऊन ती काढतात, पण प्रत्येकाला ते सोसेलच असं नाही.

माझा सर्वांत जास्त वेळ फ्रेनिक नसेपाशी जातो. श्वासपटल तीच चालवते. एक बाजूची गाठीत पूर्ण बुडाली असेल आणि फुप्फुसं चांगली असतील, तर ती कापतो आणि त्याच वेळी सैल पडलेलं श्वासपटल शिवून ताणून घेतो. मायस्थेनिया जोरात असेल तर तीच नस वाचवायला जिवाचं रान करतो, वेळ पडल्यास नसेवर गाठीचा पातळ थर ठेवून तिथे धातूच्या क्लिपा लावतो, म्हणजे नंतर किरणं नेमकी तिथे देता येतात. दोन्ही नसा कधीही कापायच्या नसतात. ही चर्चा तुमच्याशी ऑपरेशनआधी झालेली असली पाहिजे, संमतिपत्रावर सही करताना ‘नस जाणार का?’ असं थेट विचारा.

फुप्फुसावरणावर दाणे असतील तर तेही काढतात. अशा निवडक रुग्णांत आधी केमो, मग सगळं दिसणारं काढणं, याने बरीच वर्षं चांगली मिळतात. शेवटी लसिका ग्रंथी घेतात आणि काढलेल्या गाठीला दोरे बांधून कोणती बाजू शिरेकडची, कोणती हृदयाकडची, हे पॅथॉलॉजिस्टसाठी लिहून देतात.

पहिला आठवडा

आयसीयूत एक-दोन दिवस, छातीत दोन-तीन नळ्या. दुखणं दाबून ठेवू नका. दुखतं म्हणून खोकला दाबला की कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसणं, मग चालणं.

मायस्थेनियाच्या रुग्णाचा आवाज बारीक होणं, एका श्वासात वीसपर्यंत मोजता न येणं, लाळ गिळता न येणं या धोक्याच्या खुणा आहेत. ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो, म्हणून मॉनिटरवर विसंबू नका, लगेच नर्सला सांगा. आवाज घोगरा झाला असेल तर स्वरयंत्राची नस दुखावली असू शकते, तेही सांगा. कृत्रिम नळी बसवली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. गुंतागुंत नसेल तर आठवड्या-दीड आठवड्यात घरी जाता येतं.

रिपोर्ट आणि किरणं

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात एक अक्षर शोधा: आर. आर० म्हणजे कडा स्वच्छ. आर१ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कडेला पेशी. आर२ म्हणजे डोळ्यांना दिसणारी गाठ राहिली. तिसऱ्या पायरीच्या थायमोमात आर० असलं तरी बहुतेकदा किरणोपचार सुचवतात, साधारण ४५ ते ५० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक). आर१ला ५४च्या आसपास, आर२ला ६० किंवा अधिक. आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे, आणि ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत सुरू. हृदय आणि फुप्फुसं वाचवण्यासाठी आयएमआरटीसारखं नेमकं तंत्र असलेलं केंद्र निवडा.

घरी

हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर, नातवंड, काही उचलायचं नाही. दुचाकी नको. हाडात खटखट जाणवली किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी या. मायस्थेनियाची औषधं लगेच सुटत नाहीत, सुधारणा महिन्या-महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसते. उलट आधी काहीच नसलेल्या काही जणांना गाठ निघाल्यावर पहिल्यांदा मायस्थेनिया होतो, म्हणून पापणीवर लक्ष ठेवा.

सीटी पहिली दोन वर्षं सहा-सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, थायमोमासाठी दहा वर्षं. पाच वर्षं झाली म्हणून थांबू नका. हा आजार उशिरा, आणि बहुतेक वेळा फुप्फुसावरणावरच परततो. परतला तरी दाणे मोजके असतील तर पुन्हा ऑपरेशन होतं आणि त्याचा खरोखर उपयोग होतो.

शेवटी एक कार्ड बनवा आणि पाकिटात ठेवा. त्यावर ‘थायमोमा, मायस्थेनिया’ असं ठळक लिहा आणि खाली टाळायच्या औषधांची नावं: जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम, आणि विचारल्याशिवाय बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या गोळ्या) नको. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) सुचवली गेली तर न्यूरोलॉजिस्टशी बोलल्याशिवाय नको, कारण थायमोमाच्या रुग्णांत ती हृदयाला आणि स्नायूंना गंभीर सूज आणू शकते. साध्या तापासाठी गावातल्या दवाखान्यात गेलात तरी सुई घेण्याआधी ते कार्ड टेबलावर ठेवा. मागच्या बाजूला तुमच्या न्यूरोलॉजिस्टचा फोन नंबर लिहून ठेवा.